डी ड्राइव्हची चेकडिस्क सारखी का येतेय – फॉरमॅट मारायच्या आधी एवढं बघा

प्रश्न वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात परत लिहितो, चुकलं तर सांगा: कोथरूडला घरचा डेस्कटॉप, विंडोज १०, सी एसएसडीवर आणि डी म्हणजे १ टीबीची जुनी हार्ड डिस्क, मुलाने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी शेजारी उबंटू (लिनक्स) पण टाकलंय, आणि दर दोन-तीन दिवसांनी सकाळी मशीन लावलं की काळ्या स्क्रीनवर 'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह डी' येऊन बसतं, म्हणजे चेकडिस्क, विंडोजची डिस्क तपासणी. दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारा नाहीतर डिस्क बदला, आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की एक कमांड मारली की चेकिंग कायमचं बंद होतं, तर ती मारू का.

ती कमांड मारू नका. का ते खाली लिहिलंय. कमांडी मी अक्षरं फोडून देवनागरीत लिहितोय, तुम्ही इंग्रजीत टाइप करा.

सगळ्यात आधी, म्हणजे आज रात्रीच, डी वरचे मुलीचे फोटो आणि स्कॅन केलेली कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा, बाहेरच्या हार्ड डिस्कवर, नाहीतर निदान सी वर जागा असेल तर तिथे. पूर्ण डी उचलायच्या भानगडीत पडू नका, पिक्चर नि गाणी गेली खड्ड्यात, जे परत मिळणार नाही ते आधी. आणि कॉपी होताना लक्ष ठेवा, एखाद्या फोल्डरवर येऊन सारखं अडकतंय का, स्पीड एकदम शून्यावर येतोय का, डब्यातून टक टक आवाज येतोय का. यातलं काही झालं तर पुढचं सगळं सोडा, डिस्क मरायला टेकलीये, जेवढं निघेल तेवढं काढून घ्या. आणि कृपा करून बॅकअपच्या आधी चेकडिस्क स्लॅश आर चालवू नका. सगळेजण आधी तेच सुचवतात. ती कमांड डिस्कचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे छोटा कप्पा, वाचून बघते, चांगल्या १ टीबी डिस्कला पण दोन-तीन तास सहज जातात, आणि डिस्क आधीच आजारी असेल तर तेवढी पळापळ तिला झेपत नाही, रात्रभर चालवून सकाळी डिस्क दिसतच नाही असं झालेलं मी बघितलंय.

आता हे होतं कसं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. प्रत्येक एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडायची पद्धत) ड्राइव्हवर एक छोटी खूण असते, तिला डर्टी बिट म्हणतात. लिहायचं काम अर्धवट असताना मशीन बंद पडलं, किंवा चालू असताना विंडोजला फाइलींच्या हिशोबात घोळ दिसला, की ती खूण लागते. बूट होताना ऑटोचेक नावाचा छोटा प्रोग्राम सगळ्या ड्राइव्हना विचारत फिरतो, खूण आहे का, आणि ज्याला असेल त्याची तपासणी सुरू करतो. तपासणी पूर्ण झाली की खूण निघते. म्हणजे तुमच्याकडे बहुतेक दोनच शक्यता, एकतर तपासणी पूर्ण होतच नाहीये, नाहीतर पूर्ण होतेय पण कोणीतरी परत खूण लावतंय. दुकानवाल्याने हे विचारलंच नाही आणि थेट फॉरमॅटवर आला, कारण त्यांना ते सगळ्यात सोपं पडतं.

पहिली शक्यता हसण्यासारखी वाटेल पण घरोघरी हेच असतं. स्क्रीनवर येतं ना, की थांबवायचं असेल तर ८ सेकंदात कुठलंही बटण दाबा? सकाळी घाईत कोणीतरी एंटर दाबतं आणि पुढे जातं. खूण तशीच राहते, पुढच्या वेळी परत विचारतं. किंवा १२ टक्क्यांवर अडकलंय असं वाटून पॉवरचं बटण दाबून धरतात, म्हणजे तर अजूनच वाईट. तेव्हा एकदा रविवारी सकाळी वगैरे शांतपणे पूर्ण होऊ द्या, मधे कोणी हात लावायचा नाही.

ते झाल्यावर कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि एफ एस यू टी आय एल, स्पेस, डर्टी, स्पेस, क्वेरी, स्पेस, डी कोलन असं टाका. तो सांगेल डर्टी आहे की नाही. रोज रात्री बंद करायच्या आधी आणि सकाळी चालू केल्यावर हे एकदा बघायचं आणि कागदावर लिहून ठेवायचं, आठवडाभर. कोणाच्या हातून कधी खूण लागतेय ते त्यातून कळतं. इंटरनेटवर काही ठिकाणी लिहिलंय की क्वेरीच्या जागी सेट टाकलं की खूण निघते, ते साफ चूक आहे, सेट टाकलं की खूण लागते.

दुसरं म्हणजे तपासणीत नक्की काय सापडलं ते वाचा. बहुतेक जण हे बघतच नाहीत आणि सगळं उत्तर तिथेच लिहिलेलं असतं. स्टार्टवर राईट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, अॅप्लिकेशन, आणि फिल्टरमध्ये सोर्स विनइनिट निवडा, आयडी १००१. नुसत्या १००१ वर फिल्टर लावलंत तर एरर रिपोर्टिंगचा कचरा पण येतो म्हणून सोर्स निवडायचा. तिथे चेकडिस्कचा अख्खा अहवाल असतो. शेवटी शेवटी 'बॅड सेक्टर्स' किती केबी ते पण येतं, पण ते नीट तपासायचं तर स्लॅश आर लागतं, म्हणून तिथे शून्य दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका. मग सिस्टिम लॉगमध्ये जा. तिथे सोर्स डिस्क, आयडी ७ असेल तर तो बॅड ब्लॉक. डिस्कचाच १५३ म्हणजे वाचायचं-लिहायचं काम परत परत करून बघावं लागलं. एनटीएफएसचा ५५ म्हणजे हिशोबात घोळ. आणि कर्नल पॉवर ४१ म्हणजे मशीन नीट शटडाऊन न होता गेलं. ४१ चा ढीग असेल आणि ७ एकही नसेल तर डिस्कवर संशय घेण्याआधी विजेकडे आणि घरातल्या माणसांकडे बघायचं.

आता तुमच्या केसमध्ये मला खरा वास कुठून येतोय ते सांगतो. 'दर दोन-तीन दिवसांनी' हे तुम्ही लिहिलंत, 'रोज' असं नाही. डिस्क मरत असती तर ती वार बघून मरत नाही. तुमचा मुलगा उबंटू कधी लावतो ते विचारा. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आलाय, शट डाऊन केलं तरी विंडोज अर्धवट झोपतं, आतली परिस्थिती एका फाइलीत साठवून ठेवतं म्हणजे सकाळी लवकर उठता येईल. अशा अवस्थेत मुलगा रात्री उबंटूत गेला आणि डी उघडायला लागला की उबंटू म्हणतं 'मेटाडेटा केप्ट इन विंडोज कॅश, रिफ्यूज्ड टू माउंट', सरळ मराठीत, विंडोजचा कारभार अजून अर्धवट आहे, मी हात लावणार नाही. मग तो शोधतो, आणि शोधल्यावर पहिलंच उत्तर मिळतं एनटीएफएसफिक्स. ती कमांड मारली की डी उघडतो, पोरगा खूश. पण एनटीएफएसफिक्स म्हणजे लिनक्समधलं चेकडिस्क नव्हे, ती वरवरची डागडुजी करते, जर्नल (बदलांची नोंदवही) रिकामं करते, आणि स्वतःहून पुढच्या विंडोज बूटला तपासणी व्हावी अशी चिठ्ठी लावून जाते! तिच्या मॅन पेजमध्ये, म्हणजे माहितीच्या पानावर, हे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे रात्री मुलगा प्रोजेक्ट करतो आणि सकाळी बाबांना काळी स्क्रीन. त्याला ओरडू नका, त्याला माहीतच नसणार. उबंटूत टर्मिनल उघडून आधी मारलेल्या कमांडी बघायला सांगा, अप अॅरो दाबत गेलं की दिसतात, एनटीएफएसफिक्स सापडलं की निम्मा प्रश्न सुटला समजा.

उपाय पाच मिनिटांचा. कमांड प्रॉम्प्टमध्येच पी ओ डब्ल्यू ई आर सी एफ जी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ. यात हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातं, आणि सी वरची ती गठ्ठा फाइल पण जाते, एसएसडीवर काही जीबी जागा मोकळी होते तो बोनस. बूटला काही सेकंद जास्त लागतील, लागू देत. हायबरनेट हवंच असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फक्त फास्ट स्टार्टअपची टिक काढा. आणि त्यानंतर एकदा डी ची चेकडिस्क स्लॅश एफ (सापडलेले घोळ दुरुस्त करणारी) पूर्ण होऊ द्या, मगच उबंटूत डी उघडा.

जाता जाता, उबंटू आणि विंडोजच्या घड्याळात साडेपाच तासांचा फरक दिसत असेल तर त्याचा याच्याशी संबंध नाही. एक म्हणतो मदरबोर्डवरचं घड्याळ ग्रीनिचचं आहे, दुसरा म्हणतो आपलं आहे, तेवढंच. त्यासाठी कोणी तुमचा मदरबोर्डवरचा सेल बदलून दिला आणि म्हणाला आता चेकडिस्क येणार नाही, तर ऐकू नका. सेल मेला की लिनक्सच्या स्वतःच्या पार्टिशनला तपासणीचा त्रास होऊ शकतो, तारीख मागे गेल्यामुळे, पण एनटीएफएसचं ते दुखणं नाही.

घरातली अजून एक सवय. माझ्या वहिनी नारायण पेठेत घरीच टायपिंगची कामं घ्यायच्या, त्यांच्याकडे हाच प्रकार, आणि मी दोनदा जाऊन काहीच सापडेना. तिसऱ्यांदा त्या मशीन बंद करताना मी तिथे बसलेलो होतो म्हणून दिसलं: शट डाऊनवर क्लिक, मॉनिटर काळा झाला, आणि लगेच दुसऱ्या हाताने भिंतीवरच्या बोर्डाचं बटण खाली. मॉनिटर काळा झाला म्हणजे डिस्कचं लिहून झालं असं नाही हो! सीपीयूचा पंखा थांबेपर्यंत थांबा म्हटलं, बास, त्यानंतर वहिनींचा फोन नाही आला. आपल्याकडे लहानपणापासून बटण बंद कर, लाईट बिल येतं हे इतकं ठोकून भरलेलं असतं की हात आपोआप जातो. यूपीएस असेल तर त्याचं पण बघा, बॅटरीला तीन-चार वर्षं झाली की लाईट गेल्यावर तो नुसता एक टुक करतो आणि जातो. मशीन चालू ठेवून प्लग काढून बघायची चाचणी करू नका, यूपीएसला एक बल्ब लावून बघा किती मिनिटं टिकतो.

आता डिस्क. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो फुकट आहे, ते टाका, आणि नुसतं वरचं निळं 'गुड' बघून बंद करू नका. खालच्या यादीत चार ओळी बघायच्या: ०५, सी५, सी६, सी७. त्यात रॉ व्हॅल्यू (मूळ आकडा) सुरुवातीला हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत, दिसते, म्हणजे सी८ दिसलं तर ते २०० आहेत, फंक्शन मेन्यूत जाऊन दशमान करून घ्या नाहीतर उगाच घाबराल किंवा उगाच निर्धास्त राहाल. ०५ म्हणजे खराब झाले म्हणून बदली दिलेले सेक्टर, थोडे असले आणि महिनोन्महिने तेवढेच राहिले तर मी चालवून घेतो. सी५ म्हणजे वाचता येत नाहीयेत पण निकाल लागायचाय असे सेक्टर, हा आकडा शून्य नसेल तर चेकडिस्क सारखी यायचं कारण तिथेच असू शकतं आणि वाढत असेल तर डिस्क बदला, चर्चा नको. सी६ पण त्याच घरातला.

सी७ वर माझा वैयक्तिक राग आहे. २०१८ च्या पावसाळ्यात माझ्या मशीनला रोज चेकडिस्क यायची, रोज वेगळ्या फाइली 'दुरुस्त' व्हायच्या, मी दोनदा फॉरमॅट मारला, विंडोज नवीन टाकलं, एका दुकानात मशीन चार दिवस ठेवलं, त्यांनी डिस्क गेली म्हणून सांगितलं. ०५ शून्य, सी५ शून्य, आणि सी७ मात्र दर दिवशी चढतोय. सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्डच्या मधे वायरीत डेटा बिघडला अशा घटनांची मोजदाद. डबा उघडला तर साटा केबल बाजूच्या पत्र्याने दाबून काटकोनात वळलेली. तपकीर गल्लीत जाऊन शंभराच्या आत नवीन केबल आणली, बसवली, आकडा तिथेच थांबला. ती डिस्क पुढे कितीतरी वर्षं चालली. लक्षात घ्या, हा आकडा परत शून्य होत नाही, त्यामुळे तुमच्याकडे आज किती आहे याला अर्थ नाही, चार दिवसांनी वाढलाय का ते बघायचं. केबल बदलताना मदरबोर्डवरचं खाचेचं ठिकाण पण बदलून बघा.

केबल, वीज, उबंटू सगळं ठीक निघालं आणि तरी दर वेळी वेगवेगळे घोळ सापडतायत तर रॅम तपासा, एम डी एस सी एच ई डी टाकून विंडोजची स्वतःची चाचणी रात्री लावून द्या. आणि क्वेरी म्हणते डर्टी नाही, तरी तपासणी येतेच असं असेल तर कधीतरी कोणीतरी लावून ठेवलेली चेकडिस्क रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, अडकलीये. सेशन मॅनेजरमध्ये बूटएक्झिक्यूट आहे, त्यात फक्त ऑटोचेक ऑटोसीएचके आणि तारा (*) एवढंच असायला हवं. रजिस्ट्रीला हात लावायची सवय नसेल तर ते मुलाकडून करून घ्या, एक्सपोर्ट करून मगच.

आता ती कमांड, सी एच के एन टी एफ एस स्लॅश एक्स डी कोलन. ती खूण काढत नाही, ऑटोचेकला फक्त सांगते की डी कडे बघू नकोस. आमच्या सोसायटीत एकांनी यूपीएस सारखा ओरडतो म्हणून त्याच्या भोंग्यावर चिकटपट्टी लावली होती, बॅटरी मेलेली ती मेलेलीच. घोळ आत वाढत राहतो आणि एक दिवस डी उघडताना 'फॉरमॅट करायचंय का' विचारतं. तुम्ही आधीच मारून बसला असाल तर स्लॅश डी टाकलं की सगळं मूळपदावर येतं, त्यात डी कोलन लिहायचं नाही, नुसतं स्लॅश डी.

फॉरमॅटचं म्हणाल तर केबल दाबलेली असेल किंवा मुलगा एनटीएफएसफिक्स मारत असेल तर फॉरमॅटनंतर तिसऱ्या दिवशी तुम्ही परत इथेच येणार. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे कधीतरी नवीन टाकावं लागेल हे वेगळं, पण ते या कारणासाठी नको.

तर फोटो कॉपी झाले की आधी मुलाला विचारा, मग पॉवरसीएफजी, मग रविवारी एक पूर्ण चेकडिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फोचे ते चार आकडे आज आणि पुढच्या गुरुवारी असे दोनदा इथे टाका, आणि सिस्टिम लॉगमध्ये ७ आणि ४१ किती वेळा आलंय ते पण. डबा उघडणार असाल तर केबलचा फोटो टाका, नुसतं बघून पण कळतं कधी कधी.