वाचकांचे प्रश्न : घरी बांधलेल्या गाडीचा स्पीडोमीटर

प्रश्न : सप्रेम नमस्कार. जुन्या मारुती ओमनीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल वापरून मी घरच्या शेडमध्ये दोन आसनांची गाडी बांधली आहे. टायर मात्र १३ इंची, १५५/८० मापाचे आहेत. भंगार बाजारातून आणलेला जुना गोल स्पीडोमीटर डॅशबोर्डवर बसवला आणि दोन्ही टोकांना बसेल अशी केबल करून घेतली. तरीही लेआउटच्या मोकळ्या रस्त्यावर सोबतची मोटारसायकल ४० दाखवत असताना माझा काटा २३-२४ च्या पुढे जात नाही आणि थरथरतोही. गॅरेजवाले म्हणतात की काटा उपसून पुढे बसवा. तसे करावे का?
— एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : काटा कृपया उपसू नका. आपण एवढ्या कष्टाने गाडी उभी केली आहे, तर तिचा मीटरही खरे बोलणारा असावा. काटा १६ ने पुढे सरकवला, तर ४० च्या वेगाला तो बरोबर ४० दाखवील. पण २० च्या वेगाला २८ दाखवील आणि उभ्या गाडीतही १६ वर राहील. शिवाय किलोमीटर मोजणारे आकडे केबलवरून थेट दात्यांनी फिरतात, त्यामुळे त्यांच्यातली चूक तशीच राहील.

दोष काट्यात नसून फेऱ्यांच्या हिशेबात आहे. या मीटरमध्ये केबल एक चुंबक फिरवते, चुंबकाभोवतीची, काट्याला जोडलेली ॲल्युमिनियमची वाटी त्याच्यासोबत ओढली जाते आणि बारीक केसस्प्रिंग तिला अडवून धरते. १९०२ मध्ये जर्मनीत ओटो शुल्झे यांनी पेटंट घेतलेली ही रचना इतकी साधी आहे की ती निगुतीने वापरली तर अनेक वर्षे टिकते. मात्र दर किलोमीटरला केबलचे किती फेरे मिळतील, हे प्रत्येक मीटर आधीच गृहीत धरून बनवलेला असतो. आपल्या मीटरच्या तबकडीवर, बहुधा खालच्या कडेला, बारीक अक्षरांत ‘डब्ल्यू = १०००’ असे काही छापलेले दिसते का ते पाहा. त्याचा अर्थ किलोमीटरला १००० फेरे. जपानी पद्धतीच्या मीटरमध्ये हा आकडा साधारण ६३७ असतो. तुमचा मीटर १००० चा असावा, असा माझा अंदाज आहे.

अंदाजावर न थांबता मोजून घ्या. सकाळी, टायर थंड असताना हवा योग्य दाबाला भरा, कारण मराठवाड्यातल्या दुपारी तापलेल्या टायरवर हा दाब नीट जुळत नाही. मोंढ्यातल्या काँक्रीटच्या पटांगणासारखी सपाट जागा शोधून टेपने २० मीटर आखा. केबल मीटरमागून सोडवून तिच्या आतल्या तारेच्या चौकोनी टोकाला कागदाची पट्टी झेंड्यासारखी चिकटवा. आपण गाडीत बसा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, दोघांना सावकाश ढकलू द्या आणि झेंड्याचे फेरे पाव फेऱ्यापर्यंत मोजा. एकच चाक जॅकवर उचलून ही मोजणी करू नये, कारण डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअररचनेमुळे) अशा वेळी चाकाच्या एका फेऱ्यामागे केबलला निम्मेच फेरे मिळतात.

समजा पावणेबारा फेरे भरले. त्यांना ५० ने गुणले की किलोमीटरला सुमारे ५८८ फेरे होतात. १००० च्या मीटरला ५८८ च मिळाले, तर ४० च्या वेगाला तो साडेतेवीस दाखवणार, आणि आपल्याकडे नेमके तेच घडते आहे.

आता उपाय. ओमनीचाच मूळ मीटर लावला तर मोठी तफावत जाईल, पण सगळी जाणार नाही. मूळ १४५/८० मापाच्या १२ इंची टायरचा परीघ मापांवरून सुमारे १.६९ मीटर येतो, तर आपल्या टायरचा सुमारे १.८२ मीटर, म्हणजे काटा साधारण ७ टक्के कमी दाखवत राहील. वेग कमी दाखवणारा मीटर जास्त दाखवणाऱ्यापेक्षा धोक्याचा असतो. म्हणून, आणि जुना गोल मीटर आपल्याला मनापासून आवडलेला दिसतो म्हणूनही, मी गुणोत्तर बदलणारी छोटी गिअरपेटी सुचवीन. १००० भागिले ५८८ म्हणजे १.७, ३४ दात्यांच्या गिअरने २० दात्यांचा पिनियन (छोटा गिअर) फिरवला की हे गुणोत्तर मिळते. लातूरच्या एमआयडीसीत गिअर कापून देणाऱ्या वर्कशॉपमध्ये चौकशी करा. एक गोष्ट मात्र विसरू नका : दोनच गिअर लावले तर फिरण्याची दिशा उलटते आणि काटा शून्याच्या खुंटीवर उलटा दाबला जातो. मध्ये तिसरा, मोकळा फिरणारा गिअर घाला. त्याचे दाते कितीही असले तरी गुणोत्तर बदलत नाही.

थरथरीचे कारण बहुधा केबलच्या मार्गात आहे. केबलला १५ सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण कुठेही देऊ नका, विशेषतः मीटरच्या अगदी मागे. आतली तार बाहेर काढून सपाट फरशीवर लोळवून पाहा; ती उड्या मारत लोळली तर वाकलेली आहे, बदलावीच लागेल. चांगली असल्यास बोटाने पातळ ग्रीस लावा, पण मीटरकडचे शेवटचे २० सेंटिमीटर कोरडे ठेवा. तिथले ग्रीस वर चढून मीटरमध्ये शिरते आणि वाटी चिकटते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ नुसार चालता स्पीडोमीटर सक्तीचा आहे, तेव्हा नोंदणीच्या तपासणीआधीच हे काम उरकावे. नोंदणी झाल्यावर औसा–लातूर मार्गावर किलोमीटरचे दगड पाहत १० किलोमीटर जा आणि मीटरचे आकडे ताडून पाहा. १०० मीटरपेक्षा जास्त फरक पडला, तर २० मीटरची मोजणी पुन्हा करून ते आकडे मला कळवा.