प्रश्न तुमचे : भाऊ माणसांत मिसळत नाही, समूह-उपचाराने काय साधेल?

प्रश्न : माझ्या २६ वर्षांच्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. औषधांमुळे त्याला होणारे भास थांबले आणि संशयही ओसरला. परंतु तो कोणाशी बोलत नाही, पाहुणे आले की खोलीत निघून जातो. डॉक्टरांनी आता समूह-उपचार सुचवला आहे. ज्याला माणसेच नकोत, त्याला गटात बसवून काय साधणार?

उत्तर : त्याला माणसेच नकोत, असे कृपया गृहीत धरू नका. औषधांनी भास आणि संशय जितके आटोक्यात येतात, तितकी बोलण्यातली उमेद आणि मिसळण्याची ओढ परत येत नाही. शिवाय हा आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. मैत्री आणि नोकरी यांतून माणूस वागण्याबोलण्यात तयार होतो, नेमकी तीच वर्षे हातची जातात. याला आळस किंवा हट्ट म्हणणे अन्यायाचे ठरेल.

अशा गटात साधारणतः सहा ते दहा जण असतात आणि मनातले दुःख उकलण्यापेक्षा तिथे सरावावर भर असतो. समजा, दोघांच्या चाललेल्या गप्पांत सामील व्हायचे आहे. जवळ जाऊन उभे राहायचे, बोलण्यात खंड पडेपर्यंत थांबायचे आणि चालू विषयाला धरून एक वाक्य बोलायचे. आजाराचा परिणाम एकाग्रतेवर आणि स्मरणशक्तीवरही होत असल्याने एवढीशी गोष्टसुद्धा टप्प्याटप्प्याने, पुन्हा पुन्हा शिकवावी लागते. उपचारक आधी करून दाखवतात, मग एकेक सदस्य तो प्रसंग वठवतो, आणि ‘या वेळी तुमचा आवाज स्पष्ट ऐकू आला’ अशा नेमक्या शब्दांत त्याला दाद मिळते. त्याच वाटेने गेलेल्या माणसाकडून आलेली ही दाद, माझ्या मते, घरच्यांच्या शंभर उपदेशांहून मोलाची असते. सुरुवातीला भाऊ नुसता बसून पाहत राहिला, तरी चालेल.

यात काही महिने जातात, आणि गटात जमलेले घरी आपोआप उतरत नाही. म्हणून प्रत्येक बैठकीनंतर गृहपाठ दिला जातो. तो कोणता, हे उपचारकांकडून समजून घ्या. भाऊ बोलू लागला की त्याचे वाक्य आपण पूर्ण करू नका, उत्तराला वेळ द्या. पाहुणे येणार असतील, तर आदल्या दिवशी सांगून ‘फक्त पाच मिनिटे बस’ इतकेच सुचवा. औषधे मात्र चालूच राहिली पाहिजेत, आणि गटातील कोणाविषयी त्याला संशय वाटू लागला, तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.