मुलाच्या मागांसाठी फंडाचे पैसे द्यावेत का?

तुमचं पत्र थोडक्यात असं: एसटीतून 58 व्या वर्षी चालक म्हणून निवृत्त झालात, पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे मिळून 26 लाख हातात आलेत. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चार जुने रेपियर (बिनधोट्याचे) माग टाकायला मुलगा 15 लाख मागतोय. उरलेले 11 लाख जादा व्याज देणाऱ्या पतसंस्थेत ठेवायचं तुमच्या मनात आहे. घरखर्च महिना 17,000, पेन्शन 3,100.

पतसंस्थेचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. नको. बँक सहकारी असली तरी तिथल्या 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो.

आता मुलाचं. आठ वर्षं टॉवेलच्या कारखान्यात काढलीत त्यानं, माग त्याला कळतो. पण सुताचे पैसे आधी मोजायचे आणि मालाचे व्यापारी देईल तेव्हा घ्यायचे, हे मालकाचं दुखणं नोकरीत कळत नाही. त्यात ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं आपल्याकडच्या मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेलं. असे निर्णय कुणी सोलापूरला विचारून घेत नाही. बंद मिलच्या चिमण्या बघत वाढलेल्या माणसाला हे मी काय सांगायचं!

म्हणून त्याला बँकेत पाठवा. मुद्रा योजनेत 10 लाखांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं. बँक विचारेल, माल कोण घेणार, वीजबिल किती येणार, मजुरी किती जाणार. बाप हे विचारत नाही, आणि विचारलं तर घरात अबोला. कर्जाचा हप्ता काढून जो धंदा चालत नाही तो वडिलांच्या बिनव्याजी पैशावरही चालत नाही, बुडाल्याचं फक्त उशिरा कळतं. तुमच्याकडून त्याला 2 लाख द्या, परत येतील ही आशा न ठेवता. जामीनदार म्हणून मात्र सही करू नका. तेच पैसे मागच्या दारानं जातील.

20 लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा, पत्नीसोबत संयुक्त खातं काढून. एरवी वयाची अट 60 ची आहे, पण 55 नंतर निवृत्त झालेल्याला निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून 3 महिन्यांच्या आत पैसे ठेवता येतात. 8.2 टक्के दर धरला तर दर तिमाहीला 41,000, म्हणजे महिन्याला साधारण 13,650. पेन्शन धरून 16,750. घरखर्चाला अडीचशे कमी पडतात, ते मुलाकडून घ्या. दोनशे पन्नास मागायला लाज कसली?

खरी अडचण पुढची आहे. हे व्याज पाच वर्षं तेवढंच राहणार, तुमच्या पेन्शनला महागाई भत्ता नाही, आणि महागाई 6 टक्के धरली तर आजचे 17,000 बारा वर्षांत 34,000 होतात. उरलेल्या 4 लाखांतले 2 लाख आजारपणासाठी राष्ट्रीयीकृत बँकेत एफडीत ठेवा, 2 लाख दरमहा 10,000 करत हायब्रीड म्युच्युअल फंडात (थोडे शेअर, थोडे कर्जरोखे) घाला आणि दहा वर्षं त्यांच्याकडे बघू नका. एवढ्यानं सगळं भागणार नाही, हे मलाही दिसतंय. पण 15 लाख दिलेत तर एवढंही उरणार नाही.

तुम्ही लिहिलेल्या तारखेवरून तीन महिन्यांतले जेमतेम पाच आठवडे शिल्लक आहेत. मुलाशी बोलणं चालू राहू द्या, पण रक्कम कधी मिळाली याचा दाखला याच सोमवारी ऑफिसातून घेऊन या.