वाचकांचे प्रश्न : बार्जवर जड खनिज भरताना

प्रश्न : लोहखनिज भरताना होल्ड (बार्जमधला माल भरायचा कप्पा) निम्माच भरलेला दिसतो, तरी भरणी थांबवायला सांगतात. जागा असताना असं का?

उत्तर : जड खनिजात जागा संपण्याआधी ड्राफ्ट, म्हणजे बार्जने पाण्यात बसायची खोली, संपतो. समजा होल्ड 1150 घनमीटरचा आणि बार्जची क्षमता 1400 टन. घनमीटरला 2.4 टन भरणारं खनिज असेल तर 1400 टनांना 585 घनमीटरही लागत नाहीत. ढीग पाहून अंदाज बांधणारा इथे हमखास फसतो. पाहायच्या त्या ड्राफ्टच्या खुणा, आणि सहाही: पुढे, मध्ये, मागे, दोन्ही बाजूंना. 60 मीटर लांब, 11 मीटर रुंद बार्ज साधारण सहा टनांमागे एक सेंटिमीटर बसते.

घाईत एक टोक पुरं भरून मग पुढे सरकतात, ते जास्त घातक. भरलेलं टोक खाली दबतं, रिकामं पाण्यावर उचललं जातं आणि सगळा ताण मधल्या भागावर येतो. बार्ज भरता भरता वाकते किंवा मोडते, ती अशी. पहिल्या फेरीत निम्मा माल पूर्ण लांबीवर पसरा, दुसऱ्या फेरीत उरलेला. 40-50 टन समतोल साधायला मागे ठेवा. मधला ड्राफ्ट दोन टोकांच्या सरासरीपेक्षा वाढू लागला तर त्यानंतरचा माल टोकांकडे टाका.

कन्व्हेयर (माल वाहणारा पट्टा) असेल तर त्यावर माल सोडणारा फीडर आधीच बंद करा. ताशी 1000 टन वाहणारा 200 मीटरचा पट्टा सेकंदाला 2.5 मीटर चालत असेल, तर त्यावरचे 22 टन तरीही पडणारच.

प्रश्न : बार्ज कलली तर दुसऱ्या बाजूला माल टाकून सरळ करावी का?

उत्तर : आधी भरणी थांबवून बाजूच्या रिकाम्या टाक्यांत पाणी शिरलंय का ते मोजा. पाणी असेल तर माल टाकताच ते दुसरीकडे धावतं आणि बार्ज तिकडे जास्त कलते. हे मोजमाप खरं तर भरणीपूर्वीच व्हायला हवं.

प्रश्न : खनिजाची भुकटी ओलसर आहे. भरावी का?

उत्तर : अर्धा ते एक लिटरचा डबा निम्मा भरून सुमारे 20 सेंटिमीटरवरून कठीण पृष्ठभागावर 25 वेळा आपटा, दर एक-दोन सेकंदांनी. वर पाणी सुटलं किंवा माल पातळ झाला तर प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय भरू नका. हादऱ्यांनी असा माल चिखलासारखा एका बाजूला वाहतो. पाणी सुटलं नाही, तरी तेवढ्यावरून माल सुरक्षित ठरत नाही.