वाचक विचारतात: रोंशांच्या खाणीत उतरता येतं का?

प्रश्न : मुलगा आर्किटेक्चर शिकतो, त्याला फ्रान्समधलं रोंशांचं ल कोर्बुझिएचं चॅपल पाहायचंय. मला तिथल्या जुन्या कोळसा खाणी बघायच्या आहेत. पॅरिसहून एका दिवसात दोन्ही जमेल का? खाणीत उतरता येतं का?
– एक वाचक, खारघर

उत्तर : उतरण्याचा विचार सोडा. ही खाण १९५८ साली बंद झाली. पंप थांबले की बोगद्यांत पाणी भरतं, त्यामुळे वर उरलंय तेवढंच बघायचं. पण तेही कमी नाही. सेंत-मारी शाफ्टवरचा (म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीवरचा) १९२४चा काँक्रीटचा मनोरा शाबूत आहे आणि चॅपलपासून चालत जाता येतं. गावात खाणकामाचं संग्रहालयही आहे. इथलाच आर्थर द ब्युयेर शाफ्ट १,०१० मीटर खोल, त्या काळी फ्रान्समधला सर्वांत खोल. मुलाला सांगा, १९४४च्या लढाईत पडलेल्या जुन्या चॅपलचे दगड कोर्बुझिएने नव्या भिंतींत वापरलेत.

एका दिवसात जमेल, पण घाईचं. पॅरिसच्या गार द लियाँवरून तेजेवे (TGV, अतिवेगवान) गाडीने बेलफोर-माँबेलियार, सुमारे अडीच तास. इथेच लोक फसतात. नावात बेलफोर असलं तरी हे स्टेशन शहराबाहेर आहे. तिथून लोकल गाडीने बेलफोर शहर आणि पुढे लूरच्या दिशेची गाडी धरून रोंशां. या गाड्या मोजक्याच, रविवारी आणखी कमी. म्हणून आधी परतीची गाडी ठरवा, मग जाण्याची. आम्ही तर बेलफोरला एक मुक्काम करा म्हणू.

रोंशां स्टेशनवरून चॅपलच्या टेकडीवर चढायला पाऊण तास धरा, चढ बऱ्यापैकी आहे. जेवायचं तर बारा ते दोनमध्येच, नंतर छोट्या गावात स्वयंपाकघर बंद. संग्रहालयाचे दिवस हंगामानुसार बदलतात, तेव्हा तिकिटं काढण्याआधी बघून घ्या.

प्रश्न : उत्तर फ्रान्समधल्या लेवार्दच्या खाण-संग्रहालयात खरी खाण दाखवतात का?
– एक वाचक, ठाणे पूर्व

उत्तर : इमारती खऱ्या, देलोआ खाणीच्या. पण आत फिरवतात ते सुमारे ४५० मीटरचे बोगदे जमिनीच्या पातळीवर नव्याने उभारलेले आहेत. यंत्रं मात्र अस्सल. जवळच्या दुए शहरापर्यंत रेल्वेने जा, पुढे बस किंवा टॅक्सी.