मुलगा किटात गप्प, मी घरात गप्प

*ताई, आम्ही मुलुंडचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे ऑगस्टमध्ये म्युनिकला आलो. माझी बँकेतली नोकरी सोडली. सात वर्षांची मुलगी दुसरीत आहे, तिचं बरं चाललंय. चार वर्षांचा मुलगा सप्टेंबरपासून किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत जातो, पण तिथे अजून एक शब्द बोललेला नाही. घरी मात्र अखंड बडबड. नवरा म्हणतो, घरात मराठी बंद करू. सासूबाई रोज व्हिडिओ कॉलवर विचारतात, 'आज बोलला का?' खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी पळापळीच्या आवाजाची दोनदा तक्रार केली. साडेचारच्या आत अंधार पडतो. दिवसभर मी कुणाशीच बोलत नाही. मुलांसाठी म्हणून जूनमध्ये दोघांना घेऊन मुंबईला परत येऊ का?*

आधी मुलाचं बोलू, कारण तुझी झोप त्यानं उडवली आहे. तो घरी अखंड बडबडतो ही तुझ्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी आहे आणि ती तू जाता जाता लिहून गेलीस. भाषा येत नाही अशा घोळक्यात गेलेली लहान मुलं बऱ्याचदा काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतात. त्या काळात ती ऐकत असतात, कोण काय म्हणाल्यावर कोण काय करतं ते टिपत असतात. मग एखादा सुटा शब्द येतो, 'माझं', 'मला पण' अशी ऐकून उचललेली वाक्यं येतात, आणि स्वतःची वाक्यं त्यानंतर. किटातल्या बाईंना 'बोलला का' हे विचारणं सोड. मुलांच्यात जाऊन खेळतो का, सांगितलेलं कळतं का, गाण्यावर हातवारे करतो का, हवं ते खुणेनं मागतो का, हे विचार. उत्तरं 'हो' असतील तर बाई म्हणत असतील तसं थांबायला हरकत नाही. तिकडे मुलांच्या ठरलेल्या तपासण्या असतात, त्यातली यू-आठ चार वर्षांच्या सुमाराला होते. ती राहिली असेल तर वेळ घे आणि डॉक्टरांना हे सगळं सांग. तो घरीही गप्प होऊ लागला, येत असलेले शब्द गाळू लागला किंवा मुलांपासून लांब कोपऱ्यात बसू लागला, तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट बघू नकोस.

घरात मराठी बंद करायची नाही. दोन भाषांमुळे मुलाचं बोलणं लांबत नाही. आणि सध्या जिथे त्याला मनातलं सगळं सांगता येतं अशी त्याची एकच जागा आहे, ती आपण का काढून घ्यायची? जर्मन त्याला किटातली पोरं शिकवतील, तुमच्या अडखळत्या जर्मनपेक्षा कितीतरी चांगली. रागावणं, लाड, झोपतानाची गोष्ट, सगळं मराठीतच चालू दे. लेकीलाही थोडं मराठी वाचायला लाव. उद्या परत आलातच, तर २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रात कुठल्याही बोर्डाच्या शाळेत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे.

खालच्या आजोबांचं वाचून मला वाईट वाटलं ते तुझ्यासाठी. 'हळू चाल, आवाज खाली जातो' असं तू दिवसातून किती वेळा म्हणत असशील! किटात भाषेमुळे गप्प, घरी शेजाऱ्यामुळे गप्प, असं त्याचं व्हायला नको. रविवारी आणि दुपारच्या शांततेच्या वेळेत तिकडे लोक आवाजाबाबत काटेकोर असतात हे खरंच, तेवढी वेळ पाळ. पण मुलांनी आवाज करणं हा तिथेही गुन्हा नाही. किटा आणि खेळाच्या मैदानांवरचा मुलांचा आवाज साधारणपणे उपद्रव धरायचा नाही, असं २०११ पासून जर्मन कायद्यातच लिहिलेलं आहे. रविवारी दुकानं बंदच असतात, तेव्हा जाड जाकिटं चढवून दोघांना मैदानावर ने. तिथे त्याला हवं तेवढं ओरडू दे.

सासूबाईंशी नवऱ्यानं बोलावं, तू नको. त्यांचे रात्रीचे नऊ म्हणजे हिवाळ्यात तुमचे साडेचार, मुलं नुकतीच दमून आलेली. शनिवार-रविवारी तुमच्या सकाळी फोन ठेवा, आणि आजीनं चौकशी करण्याऐवजी गोष्ट सांगावी. 'किशोर'च्या जुन्या अंकातलं एखादं पान वाचून दाखवलं तरी चालेल. लेकीला ते ऐकायला आवडेल, आणि नातवाच्या जिभेकडे डोळे लावून बसण्यापेक्षा आजीलाही ते बरं वाटेल.

आता तुझं. नवऱ्याला ऑफिस मिळालं, मुलीला शाळा, मुलाला किटा. तुझ्यासाठी काय ठरवलं होतं? पत्रावरून दिसतं ते असं की काहीच नाही. मुंबईत बँकेत रोज शेकडो माणसांशी बोलणारी बाई तिकडे चार भिंतींत बसली तर तिला 'रुळशील' हे उत्तर पुरत नाही. जवळच्या फोल्क्सहोखशूलमध्ये, म्हणजे गावोगावच्या सार्वजनिक प्रौढ शिक्षण केंद्रात, जर्मनचे वर्ग असतात. सकाळच्या वर्गात नाव घाल. फी आणि वेळ दोन्ही घरखर्चात आधी धरा, उरलं तर नाही. आठवड्यातल्या काही सकाळी मुलाला नवऱ्यानं पोचवायचं, हे त्याच्याशी वार ठरवून ठेव. त्याच्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्याचा परवाना, असेल तर तुला नोकरीची मोकळीक असते. तुझ्या परवान्याच्या कार्डावर तशी ओळ आहे का बघ. अंधाराचा मनावर परिणाम होतो. पण दोन आठवडे रोज रडू येत असेल, झोप किंवा भूक गेली असेल, तर हवेवर ढकलू नकोस. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे, हाउसआर्त्स्टकडे जा आणि जसंच्या तसं सांग.

परत यायचं की नाही, हे डिसेंबरच्या अंधारात ठरवू नकोस. परत यावंसं तुला वाटतंय, तर तसं तुझ्या नावानं नवऱ्याला सांग. मुलांच्या नावानं सांगितलंस तर चर्चा मुलाच्या जर्मनवर होत राहील आणि तुझं म्हणणं कुणाच्या कानावरच जाणार नाही. जूनमध्ये उठून यायलाही मी सुचवणार नाही, मुलीची शाळा जुलैअखेरपर्यंत आहे. तुमच्या बायर्न राज्यात ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. तेव्हा मुलुंडला या, माणसांत राहा, आणि तिथे बसून दोघांनी ठरवा. तोवर मुलीच्या जुन्या शाळेचा दाखला आणि प्रगतिपुस्तकं जपून ठेव. मुलुंडच्या शाळांत चौकशी मात्र आत्ताच करून ठेव, कारण खासगी शाळांचे फॉर्म जूनच्या बरेच महिने आधी निघतात.