गुलाबी नसलेला रोहित

प्रश्न : जानेवारीत येरळवाडीच्या तलावावर, काठालगतच्या उथळ पाण्यात सहा उंच पक्षी दिसले. पाय लांब, मान लांब, चोच मधूनच वाकलेली, पण रंग मळकट करडा. मी म्हणतो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. सोबतचे म्हणतात, रोहित गुलाबी असतो, हे बगळेच. नोंद करू की नको? — एक वाचक, खटाव तालुका

उत्तर : नोंद कराच. तुम्ही सांगता त्या चोचीवरून ते रोहितच, अजून रंग न आलेले. रोहितचं पिल्लू गुलाबी जन्मत नाही. शेवाळ आणि पाण्यातले बारीक जीव खाऊन खाऊन, त्यांतल्या रंगद्रव्यामुळे गुलाबी छटा चढते, आणि पुरता रंग यायला काही वर्षं जातात. म्हणून रंगापेक्षा खाणं बघा. बगळा टक लावून उभा राहतो आणि एकदम चोच मारतो. रोहित मान खाली सोडतो, चोच उलटी करतो आणि चिखलपाणी गाळत पुढे सरकतो. पाच मिनिटं शांत बसलात तर शंकाच उरत नाही. चित्रबलाकाशीही गल्लत होते, कारण शेपटीजवळ त्यालाही गुलाबी पिसं असतात. पण त्याची चोच लांब आणि पिवळी.

पाणी कुठवर होतं, तेही लिहा. तळाचा गाळ चोचीत यावा इतकंच पाणी रोहितला हवं असतं. पाऊसकाळ चांगला होऊन तलाव काठोकाठ भरला, की तो तिथं रमत नाही. ‘यंदा मायणीच्या तलावावर रोहित का नाहीत?’ असं दर हिवाळ्यात कुणीतरी विचारतं. मी आधी पाण्याचं विचारतो.

तारीख, वेळ, ठिकाण, संख्या जागेवरच लिहायची. हे मी कळकळीनं सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी येरळवाडीच्याच बांधावरून मला पट्टकादंबांचा थवा दिसला होता. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, आणि एकाच्या गळ्यात अक्षरं लिहिलेला पट्टा. दुर्बिणीतून अक्षरं स्पष्ट वाचली, घरी जाऊन लिहू म्हटलं. एसटीत बसेपर्यंत दोन अक्षरांचा क्रम विसरलो. मंगोलियात अभ्यासक या हंसांना असे पट्टे घालतात. तो पक्षी हिमालय ओलांडून कुठून आला, हे त्या चार अक्षरांत होतं. ती हळहळ अजून जात नाही.

फोटो असेल तर पक्षीनोंदींच्या ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर नोंद टाका. मेलेल्या पक्ष्याच्या पायात कडी सापडली, तर क्रमांक मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. आणि सगळ्या माना एकदम वर झाल्या, की तिथंच थांबा, पुढे पाऊल नको.

प्रश्न : आमच्या माळावर संध्याकाळी घारीसारखे बारीक पक्षी गवतावरून अगदी खालून फिरतात आणि तिथंच उतरतात. कोणते असावेत? — एक वाचक, जत

उत्तर : बहुधा भोवत्या. हिवाळी पाहुणा, टोळ-नाकतोडे खातो आणि रात्री झाडावर न बसता गवतात, जमिनीवरच झोपतो. निदान मार्चअखेरपर्यंत ते गवत पेटवू देऊ नका, आणि अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन तिकडे जाऊ नका.